काळवंडलेली अलॉय व्हील घरी उजळवताना

गाडीने चार-पाच पावसाळे पाहिले की अलॉय व्हीलच्या दर्शनी भागावर काही ना काही उमटू लागते. कुठे तपकिरी ठिपके दिसतात, कुठे पांढुरका थर धरतो, तर कुठे पारदर्शक लेपाखालून वळवळत गेलेल्या बारीक रेषा दिसतात. या सगळ्याला आपण सरसकट ‘चाके काळी पडली’ म्हणतो आणि थेट पॉलिशची डबी घेऊन बसतो. वास्तविक डाग लेपावर आहे, लेपाखाली आहे की प्रत्यक्ष धातूत आहे, हे ठरवल्याशिवाय काहीही विकत आणू नये. पहिल्या प्रकारात नीट केलेली धुलाई पुरते, दुसऱ्यात लेप उतरवावा लागतो आणि तिसऱ्यात एका चाकाला सुट्टीचा अख्खा दिवस जातो.

आधी चाक ओळखावे

सुरुवात लोहचुंबकापासून करावी. चुंबक चिकटला तर रिम पोलादी आहे आणि हा लेख तिच्या उपयोगाचा नाही. पोलादी रिमवरची प्लॅस्टिकची चंदेरी कॅप दुरून अलॉयसारखी दिसते, तिचाही येथे संबंध नाही. खरे अलॉय व्हील बहुधा ओतीव असते. ॲल्युमिनियममध्ये साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि थोडेसे मॅग्नेशियम मिसळून ते बनवतात. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक चाकांवर चंदेरी किंवा राखाडी रंग आणि त्यावर पारदर्शक लेप असतो, म्हणजे जी चमक आपण धातूची समजतो ती पुष्कळदा रंगाची असते. असे चाक घासून उघडे केले तर आत आरशासारखा धातू लपलेला नसतो. ओतकामाचा खडबडीतपणा आणि बारीक छिद्रे असतात, आणि ती घालवण्याची मेहनत वेगळी धरावी लागते.

दुसरा प्रकार ‘डायमंड कट’ चाकांचा. यांचा दर्शनी भाग लेथवर कापून त्यावर केवळ पारदर्शक लेप देतात. चाक उन्हात तिरपे धरले की अगदी बारीक एककेंद्री रेषा आणि त्यांवर किंचित इंद्रधनुषी झाक दिसते. या चाकाला घासायचा पेपर (पॉलिश पेपर) लावला की त्या रेषा जातात आणि हाताने त्या पुन्हा आणता येत नाहीत. त्यासाठी चाक परत लेथवरच चढवावे लागते. साधी गुळगुळीत चमक चालणार असेल तरच अशा चाकाला हात घालावा.

लेप शिल्लक आहे की नाही हे पाहण्याची सोपी चाचणी आहे. पांढऱ्या सुती फडक्यावर हरभऱ्याएवढे मेटल पॉलिश घेऊन वॉल्व्हजवळच्या कोपऱ्यात अर्धा मिनिट घासावे. फडके काळे झाले तर तेथे धातू उघडा आहे. फडक्यावर नुसता पॉलिशचाच रंग राहिला तर वर लेप आहे. ही चाचणी तीन-चार ठिकाणी करावी, कारण पुष्कळ चाकांवर लेप कडेने गेलेला आणि मध्यभागी टिकलेला असतो.

नाशिकमध्ये चाके का बिघडतात

ॲल्युमिनियम उघडे पडताच हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन त्यावर ऑक्साइडचे अतिशय पातळ कवच तयार होते आणि तेच त्याचे रक्षण करते. हे कवच साधारण ४ ते ८.५ सामूच्या (pH) दरम्यान टिकते. त्याहून तीव्र आम्ल किंवा तीव्र अल्कली लागली की ते विरघळते. ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये नुसते पाणी उकळले की तो आतून काळा पडतो आणि म्हणूनच घरोघरी त्यात लिंबाची साल किंवा चिंच टाकतात. तिथे जे घडते, तेच चाकावर निराळ्या कारणांनी घडते.

पहिले कारण ब्रेकची भुकटी. कसारा घाट वरचेवर उतरणाऱ्या किंवा सप्तशृंगगडावर जा-ये करणाऱ्या गाडीची पुढची चाके मागच्यांपेक्षा लवकर तपकिरी होतात, कारण ब्रेकचा अधिक भार पुढे असतो आणि डिस्क व पॅड झिजून निघालेले लोखंडाचे तापलेले कण लेपात रुततात आणि तेथेच गंजतात. दुसरे कारण सिमेंट. सिंहस्थाच्या निमित्ताने रस्त्यांची कामे निघतात तेव्हा ओल्या काँक्रीटचे शिंतोडे चाकावर उडतात. ते अल्कलीयुक्त असल्यामुळे उघड्या ॲल्युमिनियमवर कायमचा मळकट डाग पाडतात. बोअरवेलच्या जड पाण्याने चाक धुऊन उन्हात वाळवले की पांढरे थेंब राहतात, ते मात्र क्षारांचे असतात आणि सहज निघतात.

या जिल्ह्याचे खास कारण द्राक्षबागांचे आहे. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव भागात बोर्डो मिश्रणाची फवारणी चालते आणि त्यात मोरचूद असते. मोरचुदातले तांबे ॲल्युमिनियमवर बसले की ओलाव्यात त्या दोन धातूंची सूक्ष्म विद्युतघट जोडी तयार होते, ॲल्युमिनियम झिजू लागते आणि चाकावर टोकदार खड्डे पडतात. बागेत गाडी नेणाऱ्यांच्या चाकांवर रिमच्या काठाशी निळसर डाग दिसले तर ते त्याच दिवशी धुवावेत.

लेपाखालच्या वळवळत्या पांढऱ्या रेषांचे मूळ मात्र एखाद्या ओरखड्यात असते. पदपथाच्या कडेला रिम घासली, लेप फाटला, त्यातून पाणी आत शिरले आणि गंज लेपाखालून पुढे सरकत गेला, असा तो क्रम असतो. या रेषांवर वरून कितीही पॉलिश घासले तरी उपयोग होत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी चाक धुऊन, कोरडे करून स्पोकच्या मुळाशी आणि रिमच्या आतल्या काठाशी टॉर्च मारून पाहावे. केसासारखी तडा दिसली, रिम वाकलेली असेल किंवा चाकातली हवा वारंवार उतरत असेल, तर तो सौंदर्याचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. तडा गेलेल्या चाकावर पुटी भरून चमक आणणे धोक्याचे आहे; असे चाक बदलावे.

चाक काढणे आणि धुणे

एका वेळी एकच चाक काढावे आणि तेवढ्यापुरती स्टेपनी लावावी. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, तिरपे समोर येणाऱ्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढूनमागून दगड लावावेत, नट चाक जमिनीवर असतानाच किंचित सैल करावेत आणि मगच जॅक चढवावा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. चाक काढले म्हणजे आतली बाजूही हाताला येते आणि ब्रेकच्या भुकटीचा खरा साठा तेथेच असतो.

नाशिकच्या उन्हाळ्यात दुपारी पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि तापलेल्या चाकावर कोणतेही रसायन क्षणात वाळून डाग सोडते. म्हणून सावलीत, चाक हाताला गार लागत असताना धुवावे. आधी साधे पाणी, मग कारच्या शाम्पूचे पाणी आणि मऊ ब्रश. आतून बाहेर असा क्रम ठेवावा. डांबराचे ठिपके टर्पेंटाइन लावलेल्या फडक्याने निघतात. त्यानंतर लोहकण काढणारा फवारा, म्हणजे आयर्न रिमूव्हर मारावा. त्यातील थायोग्लायकोलेट लोखंडाशी संयोग पावते आणि तपकिरी ठिपक्यांतून जांभळे ओघळ येऊ लागतात. वास उग्र असतो, हातमोजे आवश्यक असतात. तीन ते पाच मिनिटांनी, द्रव वाळण्याआधी, भरपूर पाण्याने धुवावे. ओघळ पुन्हा गडद आले तर एकदा आणखी मारावा. जड पाण्याचे पांढरे थेंब पाण्यात अर्धे-अर्धे मिसळलेल्या व्हिनेगरने मिनिटभरात सुटतात, मात्र तेही लगेच धुऊन टाकावे.

संडास धुण्याचे आम्ल, कॉस्टिक सोडा, ओव्हन साफ करण्याचे फवारे आणि बिगरनावाचे ‘ॲसिड वॉश’ यांना चाकाजवळही आणू नये. तीव्र आम्लाने पहिल्या मिनिटाला चाक पांढरे शुभ्र दिसते, म्हणून लोक फसतात. प्रत्यक्षात कवच आणि त्याखालचा धातू खाल्ला गेलेला असतो आणि थोड्याच दिवसांत चाक पूर्वीपेक्षा मळकट होते. काही औद्योगिक व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते त्वचेतून आत शिरून हाडांपर्यंत इजा करू शकते. घरी त्याचे काहीच काम नाही.

या टप्प्यावर चाक पुन्हा एकदा नीट पाहावे. माझ्या मते घरी पॉलिश करायला बसणाऱ्यांपैकी पुष्कळांचे काम येथेच संपलेले असते. लेप अखंड असेल आणि फक्त थोडा निस्तेज असेल, तर कारच्या रंगासाठी वापरतात ते बारीक कंपाउंड फोमच्या पॅडने फिरवावे, वर सीलंट, म्हणजे पाणी-मळ अडवणारा पातळ संरक्षक थर, लावावा आणि थांबावे. पेपरला हात लावू नये.

लेप उतरवणे

लेपाखाली गंज शिरला असेल किंवा लेपाचे पापुद्रे निघत असतील, तर तो पूर्ण उतरवणे भाग असते. अर्धा ठेवून अर्धा काढला तर त्या सीमेवरून गंज पुन्हा सुरू होतो. टायर उतरवून घेतला तर उत्तम, पंक्चरवाला ते करून देतो. उतरवायचा नसेल तर हवा काढून टायरचा काठ थोडा दाबावा आणि रिम व टायर यांच्या फटीत जुने पत्ते गोलाकार खोचत जावेत, म्हणजे रसायन आणि पेपर दोन्हींपासून रबर वाचते.

पेंट रिमूव्हर उघड्या जागी, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, जाड रबरी हातमोजे आणि गॉगल घालून लावावा. याचे वाफारे बंद गॅरेजमध्ये घातक ठरतात. डबीवर कॉस्टिकचा उल्लेख असेल तर ती ॲल्युमिनियमसाठी नाही. जाड थर देऊन वर प्लॅस्टिकचा कागद घातला की रसायन लवकर वाळत नाही. पंधरा-वीस मिनिटांत लेप सुरकुततो. तो प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावा, लोखंडी पात्याने नव्हे. कोपऱ्यांसाठी दुसरा हात द्यावा लागतो. शेवटी साबणाच्या पाण्याने धुऊन चाक पूर्ण कोरडे करावे.

रिमच्या काठाचे ओरखडे याच वेळी काढून घ्यावेत. उभे राहिलेले धातूचे कंगोरे बारीक कानशीने समपातळीत आणावेत आणि मग २४० नंबरचा पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून काठाच्या गोलाईने फिरवावा. ओरखड्याच्या तळापर्यंत खोदत जाऊ नये. कंगोरा गेला की डोळ्याला निम्मा दोष दिसेनासा होतो.

पेपर मारणे

खरे काम येथे आहे. पॉलिशने चमक येते हा समज अर्धाच खरा. चमक पेपर ठरवतो आणि पॉलिश ती फक्त उघड करते. ४००, ६००, ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर आणावेत; नंबर वाढतो तसा पेपर बारीक होतो. चाक केवळ मळकट असेल तर ६०० पासून सुरुवात पुरते, खड्डे असतील तर ४०० पासून करावी. पेपर अर्धा तास पाण्यात भिजवून ठेवला की तो गोलाईवर मोडत नाही. बादलीत भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे दोन थेंब टाकावेत आणि सगळे घासकाम ओलेच करावे. ॲल्युमिनियमची कोरडी बारीक भुकटी श्वासाला वाईट असते आणि पेटही घेते. लोखंड ग्राइंड करून ठिणग्या उडतात त्या जागी तर हे काम मुळीच करू नये.

घासण्याआधी काळ्या मार्करने त्या भागावर जाळीदार रेघोट्या माराव्यात. ४०० चा पेपर स्पोकच्या लांबीने फिरवत गेले की उंच भागांवरची शाई आधी जाते आणि खड्ड्यांत काळे ठिपके उरतात. आता निर्णय घ्यावा लागतो. ठिपके टाचणीच्या टोकाएवढे आणि उथळ असतील तर आणखी थोडे घासून ते निघतात. नखाला अडकतील इतके खोल असतील तर सोडून द्यावेत. प्रत्येक खड्ड्याचा पाठलाग केला तर तेवढ्या जागी धातू खोलगट होतो आणि चमक आल्यावर प्रकाश तेथे वेडावाकडा परावर्तित होतो. चार-सहा ठिपके राहिलेले चाक त्यापेक्षा चांगले दिसते.

पुढचा नंबर घेताना घासण्याची दिशा बदलावी. ४०० लांबीने मारला असेल तर ६०० आडवा, ८०० पुन्हा लांबीने. यामुळे मागच्या पेपरचे ओरखडे वेगळे ओळखू येतात आणि ते एकूण एक गेल्याशिवाय नंबर बदलायचा नाही, हा नियम पाळता येतो. पाहणी मात्र चाक कोरडे करून करावी, कारण पाणी ओरखडे लपवते. मोबाइलचा टॉर्च अगदी तिरपा धरला की विसरलेली एखादी रेघ लगेच उमटते. ती १५०० वर दिसली तर १५०० ने जात नाही, मागे ६०० ला यावे लागते. नंबर बदलताना चाक धुवावे, बादलीतले पाणी बदलावे आणि फडकेही बदलावे, कारण जुन्या पाण्यातला ४०० चा एखादा कण २००० च्या वेळी सगळे मुसळ केरात घालतो.

सपाट भागावर पेपर रबराच्या ठोकळ्यावर घ्यावा, गोलाईवर बोटांवर. बोटांच्या टोकांनी दाबले तर सरी पडतात. तळव्याचा दाब द्यावा. २००० संपल्यावर चाक आरशासारखे नसते, सारखे धुरकट चंदेरी दिसते. तसे सारखे दिसत असेल तर पुढचे काम सोपे आहे.

बफ आणि पॉलिश

ड्रिलला लावायचा तीन-चार इंची सुती बफ, म्हणजे कापडाची गोल चकती, आणि पॉलिशचे दोन साबण, म्हणजे घट्ट वड्या, घ्यावेत: आधी कापणारा तपकिरी, मग चमक आणणारा पांढरा. दोहोंसाठी बफ वेगळे ठेवावेत. हिरवा साबण स्टेनलेस स्टीलसाठी असतो. ड्रिलचा वेग मिनिटाला १५०० ते ३००० फेऱ्यांच्या दरम्यान असावा. वेग कमी करता न येणारा साधा चार इंची ग्राइंडर ११,००० च्या आसपास फिरतो आणि घरच्या वापरात तो बफ फाडतो किंवा हातातून निसटतो. बफ काठावरून बाहेरच्या दिशेने सुटेल असा धरावा, काठावर आदळेल असा नव्हे. एका जागी रेंगाळू नये. ही चाके उष्णता-प्रक्रिया करून बळकट केलेली असतात. हात टेकवत नाही इतके चाक तापले तर थांबून गार होऊ द्यावे. स्पोकच्या कोपऱ्यांत ड्रिलला बसणारे नमद्याचे शंकू चालतात, नाही तर बोटाला फडके गुंडाळून घासावे.

शेवटचा हात मेटल पॉलिशच्या पेस्टने द्यावा. थोडी पेस्ट घेऊन तळहाताएवढाच भाग घासावा. काही क्षणांत ती काळीकुट्ट होते. हा मळ नव्हे, धातूचाच सूक्ष्म अंश आहे आणि कितीही घासले तरी काळे येतच राहते, म्हणून फडके पांढरे निघण्याची वाट पाहू नये. काळा थर पातळ होऊन त्याखाली आपल्या बोटांचे प्रतिबिंब स्पष्ट दिसू लागले की, थर वाळण्याआधी, स्वच्छ मायक्रोफायबरने उचलून घ्यावा. कोपऱ्यांत अडकलेली तेलकट काजळी काढण्यासाठी त्यावर तांदळाची कोरडी पिठी भुरभुरून पुसावे. पिठी तेल शोषते आणि धातूला ओरखडा पाडत नाही. मग कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे.

ओतीव चाकातल्या सिलिकॉनमुळे या चमकेला किंचित राखाडी झाक राहते. क्रोमची निळसर चकाकी येथे अपेक्षू नये.

वर काय लावावे

उघडा धातू तसाच ठेवला तर नाशिकच्या पावसात थोड्याच आठवड्यांत निस्तेज होतो. पर्याय तीन आहेत. चाकांसाठीचा सीलंट किंवा मेण दर दोन-तीन महिन्यांनी लावणे आणि वर्षातून एकदा पेस्टचा हात फिरवणे, हा घरगुती माणसासाठी मला सर्वांत प्रामाणिक पर्याय वाटतो. दुसरा, पारदर्शक लॅकरचा स्प्रे. आरशासारख्या गुळगुळीत धातूवर लॅकरला धरायला जागा मिळत नाही आणि तो पुढे सोलपटतो. म्हणून लॅकर द्यायचाच असेल तर बफिंग टाळून ८०० च्या पेपरवर थांबावे आणि साटिन झाक स्वीकारावी. पावसाळ्यात आणि डिसेंबर-जानेवारीच्या गार सकाळी लॅकर मारू नये. थंडीच्या दिवसांतली कोरडी, निवांत वाऱ्याची दुपार चांगली. हार्डनर घालून वापरायच्या दोन डब्यांच्या लॅकरमध्ये आयसोसायनेट असते, साधा मास्क त्याला पुरत नाही, म्हणून ते काम घरी करू नये. तिसरा पर्याय पावडर कोटिंगचा, म्हणजे रंगाची भुकटी भट्टीत भाजून बसवण्याचा; सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत हे काम होते. तेथे चाक देताना भट्टीचे तापमान आणि वेळ विचारून घ्यावी, कारण चाक अति तापले तर उष्णता-प्रक्रियेने आलेले बळ कमी होते.

चाक परत बसवणे

हबला टेकणारी चाकाची मागची सपाट बाजू आणि नट बसतात ते शंकू यांवर पॉलिश, मेण, लॅकर यांपैकी काहीही राहता कामा नये. तेथला थर पुढे दबतो आणि नट सैल होतात. नट हाताने बसवून, मग समोरासमोर या क्रमाने आवळावेत. बहुतेक छोट्या गाड्यांना ९० ते १२० न्यूटन-मीटर लागतात, आपल्या गाडीचा आकडा माहितीपुस्तिकेत असतो. पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासावेत. टायर उतरवला असेल तर बॅलन्सिंग करून घ्यावे. वजनाच्या चिकटपट्ट्या आतल्या बाजूला लावायला सांगाव्यात, कारण काठावर ठोकलेली शिशाची वजने ताज्या पॉलिशवर पहिला ओरखडा पाडतात आणि गंजाला वाट करून देतात.